कुठेच न जाणारी तार

कपाट सरकवलं तेव्हा दिसली.
भिंतीतून वीतभर बाहेर आलेली,
टोकाला काळी चिकटपट्टी, डिंक सुटलेली, धूळ खाल्लेली.
माझ्या हातात ओलं फडकं होतं.
काय वाटलं कोण जाणे, थांबले.

आगुस्तीन खांडोळ्याहून स्कूटरवर आला,
चपला दाराशी काढल्या नाहीत.
"रबराच्यो आसा, बाय, रागावू नका."
कसली वायर, त्याने विचारलं.
भावाच्या डार्करूमची, मी म्हटलं, लाल बल्बची.
उमाकांतला लिस्बनला जाऊन बावीस वर्षं झाली,
आता तो फोटो काढत नाही, गोदामात खोकी मोजतो.
त्याच्या ट्रेंमध्ये मी अबोली लावली,
मोठं यंत्र फोंड्याच्या एकाने नेलं,
बल्ब दोन दिवाळ्या आकाशकंदिलात जळला, मग गेला.
तार तेवढी राहिली. तिला कोण विचारतं?
"म्हणजे बंदच असणार," मी म्हटलं.

तो हसला नाही.
टेस्टर टेकवला, अंगठा वर ठेवला,
आणि त्या पिवळट काडीत केशराएवढा उजेड.
"जिवी आसा."

मी पलंगावर बसले.
बावीस वर्षं वीज इथवर येत होती,
माझ्या साड्यांच्या मागे, डांबराच्या गोळ्यांच्या मागे,
येऊन टोकाशी उभी राहत होती.
बिलात तिचा एक पैसा नाही.
कोणी घेतलीच नाही, तर मीटर मोजणार काय.

मग त्याने एकेक फ्यूज उपटला.
चिनीमातीचे ते पांढरे दात, शेजारी शेजारी ठेवले वर्तमानपत्रावर.
सोपा गेला, तार जिवंत.
न्हाणीघर गेलं, तार जिवंत.
देवघराचा फ्यूज काढला तेव्हा विझली.
बघा, म्हणाला, पाद्री आणि सैतान एकाच खांबावर.
(नंतर जीभ चावली. मीच हसले.)

विझली, तरी हात लावला नाही.
स्वयंपाकघरात जाऊन चालू प्लगमध्ये टेस्टर घातला. पेटला.
परत तारेला. नाही.
परत स्वयंपाकघर. पेटला.
"टेस्टर मेला तरी दिवा पेटत नाही, बाय.
म्हणून आधी त्याला विचारायचं, मग तिला, मग पुन्हा त्याला."
शेवटी मेनही पाडला. पंखा हळूहळू थांबला,
मांडवीवरच्या फेरीचा भोंगा तेव्हा कुठे ऐकू आला.

बोर्डातून तिचं टोक त्याने सोडवलं.
कापून पट्टी गुंडाळणं, ते उमाकांतने केलं होतं,
विमानाच्या आदल्या रात्री, घाईत, मी टॉर्च धरला होता.
आगुस्तीनने दोन्ही टोकांना टोप्या घातल्या,
डबीत बसवून वर झाकण, दोन स्क्रू.
ओढून काढू का? नको म्हटलं.
चिऱ्यात पुरलेली, ओढली तर अर्धी भिंत येईल.
राहू दे आत, नुसतं तांबं म्हणून.

पेन मागितलं त्याने, चिठ्ठी लिहायला.
काय लिहू? भावाची?
नको.
लिही, कुठेच जात नाही.
"तसं नाही लिहीत," तो म्हणाला,
आणि लिहिलं: बंद केली. दोन्ही बाजूंनी. तारीख. आ. फ.
पुढच्याला कळायला पाहिजे, म्हणाला.
पुढचा कोण, हे मी विचारलं नाही.

रविवारी उमाकांतचा फोन.
काय करतेस? कपाट सरकवलं, म्हटलं.
माझ्या खोलीतलं?
हो.
बराच वेळ नुसती खरखर. मग त्याने पाऊस किती झाला ते विचारलं.

आगुस्तीन जाता जाता अंगणात उभा राहिला होता, मान वर करून.
आणखी एक आहे, म्हणाला,
आंब्याच्या फांदीवरून गेलेली, जुन्या मांडवाची.
शनिवारी येतो.
तोवर मी त्या बाजूला कपडे वाळत घालत नाही.