नावाडीण

डंडीत, टे नदी दिसते अशा तिसऱ्या मजल्यावर
मी टॅबलेटवर नावाडीण काढते.
एकडोळी. दुसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात बुडाली,
मग मालिकाच बुडाली.
तिला आता मी आहे, आणि आणखी शंभरेक वेडे.

ब्रशचं नाव 'लाकूडठसा'.
रेघ ओढली की कडा आपोआप खरखरतात,
कुसळं निघाल्यासारख्या.

खालचे ओगिल्वी, जन्मभर सुतार,
चुकून आलेलं माझं पत्र द्यायला वर आले
आणि भिंतीवरच्या प्रिंटकडे बघत राहिले.
"कुठलं लाकूड?"
"लाकूड नाहीये."
"तरीच. गालावरची शीर नाकाशी वळवलीस.
झाड तसं वाढत नाही."
चहा न घेताच गेले.

मंगळवारी दारात पेअरच्या लाकडाचा ठोकळा,
फडक्यात गुंडाळलेली बारीक पटाशी.
चिठ्ठी नाही.

काळं ते ठेवायचं, पांढरं तेवढं काढायचं:
हे हातात उतरायला तीन रविवार गेले,
अंगठ्याला दोन पट्ट्या.
चुकलं की डाव्या हाताची दोन बोटं
'अनडू'साठी लाकडावर टकटक करायची.

शाई, कागद, चमच्याची पाठ.
कागद सोलला तर
फुटका डोळा भलत्याच बाजूला!
उलटं कोरायचं असतं, हे सांगायला ओगिल्वी विसरले,
किंवा विसरले नाहीत.

प्रत खाली नेली.
त्यांनी चष्मा लावला, आधी ठोकळा मागितला,
शिरेवरून अंगठा फिरवत बसले.

ही बाई कोण,
ते अजून विचारलेलं नाही.