खिशातले हात

पावणेसात. डुलुथला अजून उजाडलेलं नाही,
तळ्यावरचा वारा पार्किंगमध्येच
कान कापून ठेवतो.
चौथ्या मजल्यावर, औषधांच्या खोलीबाहेर
ब्रिन लाहती उभी. गणवेश इतका कोरा
की घडीची रेघ अजून मांडीवर,
खिशात चार रंगांची चार पेनं.
आणि माझ्या बिल्ल्याखाली
कालपासून लोंबणारी नवी पट्टी: प्रिसेप्टर.

फोनवर आई म्हणाली, म्हणजे काय गं?
म्हटलं, शिकाऊ नर्स हाताखाली देतात.
म्हणजे मास्तरीण झालीस.
छे, काम तेच. तासाला दीड डॉलर जास्त.
मग मुकादम, ती म्हणाली,
आणि खोकला येईपर्यंत हसली.

एकवीस वर्षं मी हे काम करते
आणि एकदाही मोठ्याने केलेलं नाही.
सुई किती कलती धरायची
ते मनगटाला ठाऊक आहे, मला नाही.
ब्रिन विचारते, का?
हा हात आधी का? पडदा अर्धाच का?
मी तोंड उघडते
आणि आत कुणीच नसतं.

खोली चारशे बारा. मिस्टर हाल्व्हर्सन.
उभा जन्म लोखंडाची माती बोटींत भरली,
दंडावर फिकट निळा नांगर,
आणि शिरा चैत्रातल्या ओढ्यासारख्या,
वाट दिसते, पाणी नसतं.

पहिली सुई चुकली.
कातडीखाली जांभळं पसरत गेलं, सावकाश,
टीपकागदावर शाई पसरावी तसं.
प्रयत्न दोनच, असा नियम.
माझे हात निघालेच होते.
त्यांना खिशात कोंडलं.
उजव्यात चिकटपट्टीचं रीळ,
डाव्यात बडीशेपेची पुडी, तिचा मी चुरा केला.
दूध वर येताना बघत राहायचं
आणि गॅस बंद करायचा नाही,
तसलं हे उभं राहणं.

मिरजेत रणभिसे सिस्टर
अशाच माझ्या मागे उभ्या असायच्या.
चुकलं तर शब्द नाही, चिमटा नाही,
फक्त कमरेचा किल्ल्यांचा जुडगा
खुळखुळ वाजायचा.
मला वाटायचं, रागावल्या.
इतकी वर्षं मला वाटत होतं, रागावल्या.
आज खिशात रीळ करकरलं
तेव्हा कळलं,
बाई हात आवरत होत्या.

"घे पुन्हा," हाल्व्हर्सन म्हणाले,
"मी कुठे पळून जात नाही."
ब्रिनने माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे.
तिने सुई ठेवली. गरम टॉवेल आणला,
त्यांचा हात कोपरापर्यंत गुंडाळला.
हे पुस्तकात आहे.
पुढचं नाही:
स्टूल ओढून ती बसली आणि विचारलं,
पहिल्यांदा बोटीवर चढलात
तेव्हा पोटात गोळा आला होता?
मग नोव्हेंबरमधलं वादळ, एक भित्रा आचारी,
कुणाची तरी हरवलेली टोपी.
टॉवेल सोडला तेव्हा
मनगटाच्या वर एक शीर
कुणी हाक मारल्यासारखी वर आलेली.

संध्याकाळी फॉर्म. तीन चौकोन:
देखरेखीखाली, मदतीने, स्वतंत्रपणे.
मी मधल्यावर खूण केली.
ब्रिन वाकून म्हणाली,
मदत कुठे केलीत तुम्ही?
खरंच की.
खाडाखोड केली, शेजारी सही केली,
तीही वाकडी आली.

ती जाकीट आणायला गेली.
मी मात्र गुपचूप चारशे बारात शिरले,
दिवा न लावता
एका बोटाने नळी चाचपली.
थेंब पडत होते, नीट, एकामागून एक.
अंधारात एक डोळा उघडून
हाल्व्हर्सन म्हणाले,
"ती पण आत्ताच बघून गेली."