ठिगळ

रोझामिन हुबळीच्या गाडीने आली.
स्टेशनाबाहेर तीन रिक्षावाले तिच्याशी एकदम इंग्रजी बोलू लागले.
"हल्याळची आहे मी," ती म्हणाली,
माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत,
"आणि ऐंशी रुपये फार होतात."

मिरजेला नर्सिंगला आम्ही एका खोलीत होतो.
तेव्हापासून ती म्हणत होती,
एकदा तुझा तो किल्ला बघायचाय.
तिच्या आज्याकडे एक गोष्ट होती:
आपले लोक घोड्यावर बसून
या बाजूच्या किल्ल्यांवर पहाऱ्याला असायचे.
कुठला किल्ला, ते गोष्टीत नव्हतं.

पाटीवर बहमनी होते, निजामशाही, आदिलशाही,
तोफेची लांबीसुद्धा होती, फुटांत.
"हबशी कुठायत?" तिने वॉचमनला विचारलं.
"हबशी हलवा? तो हितं न्हाई ताई,
विजापूर वेशीत मिळंल."

ती बुरुजाच्या पायरीवर बसून हसली,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
मग थोडं त्यापुढेही.

शाळेची सहल आलेली. एका पोरीने विचारलं,
"केसाला हात लावू?"
"लाव. आधी मी तुझ्या लावते."

मग ती एकटीच तटाला हात टेकून उभी राहिली.
दगड चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला,
तरी हात काढला नाही.
"रात्रभर कुणीतरी जागलं असेल इथं,
माझ्या रंगाचं.
'असेल' एवढीच आमची बखर."

तळ्याकाठी आम्ही कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीत तेल जास्त झालं होतं.
बोटं चाटत ती म्हणाली, "आता तुझं दाखव."
मी म्हटलं, गिरणीची चिमणी आहे,
चादरींचं दुकान आहे, उद्या नेते.
"दुकान नको गं. तुझं."

एक्केचाळीस वर्षं या गावात काढली मी.
पाहुण्यांना किल्ला दाखवला, तळं, मंदिर,
पण त्या वळणावर रिक्षा कधी डावीकडे घेतली नाही.
तार गेली तिथली. नाव राहिलंय.
सेटलमेंट म्हटलं की रिक्षावाला अजून
आरशातून एकदा मागे बघतो.

माझा आजा तिम्मा इथं तारेच्या आत जन्मला,
गुन्हा करायला वेळच मिळाला नाही,
जन्मला तोच गुन्हेगार लिहिला.
गिरणीत जायचं ते मोजून, यायचं ते मोजून.
तार तोडली त्याला कितीतरी वर्षं झाली,
तरी झोपेत उठून बसायचा, म्हणायचा, "हजर!"
आम्ही पोरं हसायचो.
मी सगळ्यात मोठ्यानं.

"कसं म्हणायचा?" रोझामिनने विचारलं.
मी म्हणून दाखवलं.
पहिल्यांदा घशातच राहिलं,
दुसऱ्यांदा इतकं जोरात निघालं
की झोपलेलं कुत्रं उठलं,
आणि वरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली,
"कुणाला शोधूलालाव?"
"कुणाला न्हाई," मी म्हटलं.
रोझामिन काही बोलली नाही.

सोमवारी मी तिला मोराची नवी चादर देऊ केली.
तिने परत केली. जुनं काही आहे का म्हणाली,
फाटकं असलं तर बरंच.
तिच्याकडे बायका कवंडी शिवतात,
जुनेराचे तुकडे, कडेपासून सुरुवात,
गोल गोल आत यायचं.
चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लागतात,
नाहीतर म्हणे कवंडी उघडी राहते.

आज्याची चादर ट्रंकेत होती,
तो विणायचा त्याच गिरणीची.
कात्री चालेना, दातांनी सुरुवात केली.
"याचं फूल कर," मी म्हटलं.
तिने चिमटीत दुमडून पाहिलं, पुन्हा पाहिलं.
"फार जाड आहे गं. फूल नाही व्हायचं.
मध्ये कुठंतरी बसेल."

दिवाळीनंतर फोटो आला.
बोटांनी मोठा करकरून मी शोधत राहिले:
लाल ब्लाऊज, शाळेचा स्कर्ट, कुणाच्या तरी लुंगीची चौकट,
आणि डाव्या कडेच्या आत तिसऱ्या ओळीत
पांढरा-निळा तुकडा, उलटा लावलेला.
त्याच्याखालून एक इवलं पाऊल बाहेर आलेलं,
गाढ झोपेतलं.