खोकल्याचे सेकंद

तुर्भ्याला, लालजीभाईंच्या शेडमध्ये उभा आहे तो.
रंग नवा, पाय जुने.
वीस हॉर्सपॉवर, पाचशे लिटरची टाकी.
"ऐंशी सीएफएम, ताई. डोळे मिटून न्या."

मागच्या वर्षी नेला होता एक डोळे मिटून,
टाकी बघून.
एवढं मोठं पोट, म्हटलं, पुरेल.
गेटाच्या दोन पट्ट्या साफ झाल्या की
काटा शंभरावरून चाळिसावर,
नळी वाळू मारायची सोडून थुंकायची,
आणि पोरं मोबाईल काढून बसायची
टाकी परत भरेपर्यंत.
पोट म्हणजे दम नव्हे,
हे मला एक लाख दहा हजारांना समजलं.

म्हणून या वेळी बाळारामकाकांना आणलंय,
गोठिवलीहून, रिक्षाने.
अठ्ठावीस वर्षं त्यांनी वाळू मारली
बार्जच्या पत्र्यांवर, रसायनांच्या टाक्यांवर,
तोंडाला फडकं बांधून.
आता घरच्या जिन्यात एक पायरी
त्यांनी नुसती बसायला ठेवलीय.

"पाटी नको वाचू. टाकी रिकामी कर."
खालचा कॉक उघडला.
आधी पाणी आलं, गंजाचं, चहासारखं,
खाडीकाठची सगळी दमट हवा साठलेली,
मग फुसफुस, मग काही नाही.
"आता चालू कर. नव्वदात शंभरवर गेला
तर ऐंशी खरं."

ते मोजू लागले, मोठ्याने,
फोनमधलं घड्याळ मी मुठीत लावलेलं,
त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

बहात्तरला आकडा घशात अडकला.
खोकला आला तो जाईचना.
लालजीभाई पाण्याची बाटली घेऊन धावले, भला माणूस,
आणि धावता धावताच म्हणाले,
"एवढे मायनस करा हं, ताई."

काका वाकलेले, एक हात गुडघ्यावर.
दुसरा वर करून त्यांनी वजाबाकी थांबवली.
"खोकला पन धर.
टाकी तवा काय भरायची थांबली व्हती?"

मूठ उघडली. एकशे वीस.
म्हणजे साठ.

"साठच्या भावात दे," काका म्हणाले.
आणि मला, "सहाचा नोझल विसर. पाचचा लाव.
दम जेवढा, तोंड तेवढाच."

पाचाला पंचेचाळीस लागतात. पंधरा उरतात.
"झिजेला ठेवू?" मी विचारलं,
नोझलचं भोक वाढतच जातं, म्हणून.
काका बराच वेळ बोलले नाहीत.
मला वाटलं, दम लागलाय.

"भोक वाढला का नोझल बदल.
ती पंधरा, फिल्टर लावून,
पोराच्या टोपात सोड."

लालजीभाईंनी बिल लिहिलं:
एक नग, जुना, आवाज ठीक.
टेम्पोवाला दोर आवळत होता.
काका आधीच पुढे जाऊन बसलेले,
काच उतरते त्या बाजूला.