त्वरण, दोन गुण

त्वरणाची व्याख्या लिहा. दोन गुण.
सुगत ओव्हाळने जागा कोरी सोडली होती,
खाली फक्त एक रेघ, पेन चालतंय का बघितल्यासारखी.
मी लाल शून्य काढलं.
माझं शून्य छान गोल येतं,
एकोणीस वर्षांचा सराव आहे.

पंधरवड्याने प्रकल्प आले.
थर्माकोलचे ज्वालामुखी, यंदाही तीन,
एकाच्या बुडाला दुकानदाराची चिठ्ठी तशीच: एकशे ऐंशी.
सुगत रिकाम्या हाताने उभा.
प्रकल्प फोनमध्ये आहे, मॅडम,
आणि फोन लिफ्टमध्ये.

मानखुर्दला, पुनर्वसनाच्या इमारतीत,
लिफ्टच्या पंख्याच्या जाळीमागे
दोऱ्याने बांधलेला, काच तडकलेला,
आईने टाकून दिलेला फोन.
रात्री काढायचा, चार्ज करायचा,
पहाटे पाणी भरायच्या आधी परत बांधायचा.
एकतीस दिवस.
तिसऱ्या मजल्यावरची पोरं पाळीपाळीने राखण करत होती,
त्यांचीही नावं त्याने शेवटच्या पानावर लिहिली होती.

फोन आला तेव्हा मुदत टळून आठवडा झाला होता.
पडद्यावर आलेख लावला:
निघताना टेंगूळ, थांबताना खड्डा,
मधे सपाट.
हे काय? मी बोट ठेवलं.
इथं वेग वाढतो. मग वाढायचा थांबतो, नुसती जाते.
मागून अलिशा म्हणाली, अरे, म्हणजे त्वरण.
तो म्हणाला, असेल.

सहाव्या मजल्यापाशी दर खेपेला करवतीचे दात.
आणि नऊ तारखेपासून
अकरा दिवस सरळ रेघ.
इथली माहिती मिळाली नाही का रे?
मिळाली ना. लिफ्ट बंद होती.
याच्यात चौथ्या दिवशी मुमताज चाचीला
खुर्चीत बसवून खाली आणलं, डायलिसिसला,
ते फोनला कळत नाही,
म्हणून बाजूला हाताने लिहिलंय.

मग त्यानेच विचारलं,
पण रेघ शून्यावर का नाही, मॅडम?
लिफ्ट उभी, फोन उभा,
तरी नऊ पूर्णांक आठ दाखवतो.
काही हलतच नाही तर मोजतोय काय?

नऊ पूर्णांक आठ.
किती फळे झिजवले मी या आकड्याने,
गणितात घातला, उत्तरात काढला,
उभ्या वस्तूपाशी कधी थांबले नाही.
उत्तर मला अर्धं येत होतं.
तसं सांगितलं.
वर्गात कुणी हसलं नाही, याचंच मला नवल.

रात्री ऑनलाइन तक्ता उघडला.
मांडणी पाच, सुबकता पाच,
वेळेत सादर पाच, तोंडी पाच.
सुबकता: दोरा आणि चिकटपट्टी.
वेळेत: नाही.
चौकटीत मी लिहिलं,
याने बंद पडलेल्या गोष्टीचं मोजमाप केलं.
लाल अक्षरं आली: कृपया फक्त अंक भरा.
पुन्हा लिहिलं, थोडक्यात.
कृपया फक्त अंक भरा.
बाजूला त्या कोऱ्या जागेचा पेपर पडला होता,
माझं शून्य अजून तितकंच गोल.

शनिवारी गेले बघायला.
लिफ्ट पुन्हा बंद.
अकरावा मजला, एका हातात पर्स,
जिन्यात सुक्या बोंबलाचा आणि फिनेलचा वास,
सहाव्यावर एका घरातून कुणीतरी न विचारता
पाण्याचा तांब्या पुढे केला.
वर पोचले तर दारात सुगत, हातात वही.
त्याने खिडकीतून मला फाटकात शिरताना पाहिलं होतं.
वहीत एक नवी ओळ, आडव्या चौकटीत:
मॅडम. अकरा मजले. सात मिनिटं दहा सेकंद.
शेरा: दोनदा थांबल्या.

गुण?
मी विचारलं.
तो रकाना आखलाच नाही, म्हणाला,
आणि आत चहा ठेवायला सांगायला गेला.

आज सोमवार. तक्ता बंद व्हायला चार तास.