हो, नाही, माहीत नाही

म्हसवड मागं पडून गाडी कच्च्या वाटेला लागली
की टॅबचं नेटवर्क जातं.
जाऊ दे, प्रश्न आत भरलेले आहेत, एकशे अठ्ठावीस.
डॉक्टर जवळ नसताना जो गेला, त्याचं मरण
घरच्यांना विचारून लिहायचं, ही माझी नोकरी.
वरचे लोक याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात.
मी दारात म्हणतो, आजारपणाची माहिती घ्यायला आलोय.
सुतक फिटायच्या आत जायचं नाही, असा नियम.
वर्ष उलटू द्यायचं नाही, असाही.

म्हाकू खरात कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेला.
बायडाबाईंचं वय?
"दुष्काळातली."
कुठल्या?
"मोठ्या."
बहात्तर धरून मी एकावन्न टाकतो.

ताप होता?
"न्हाय."
धाप लागायची?
"मेंढरामागं कुणाला लागत न्हाय?"
मी 'हो' दाबतो.
पायांना सूज?
तो बराच वेळ कोकराकडं बघतो.
"जोडवी काढून ठिवली हुती तिनं. कारळ्याच्या डब्यात."
किती दिवस आधी?
"लोकर कातरायच्या वक्ताला."
टॅबला आकडा लागतो. मी साठ लिहितो,
लिहिताना हात जरा जड होतो.
छातीत दुखलं का?
"सांगितलं न्हाय तिनं."

इथं मी दर घरी अडतो.
'नाही' आणि 'सांगितलं नाही'
यांच्या मधल्या जागेत अख्खा माण तालुका बसेल,
पण चौकोन नाही.

शेवटी एक मोकळी जागा असते: घरच्यांच्या शब्दांत.
म्हाकू बोलला, मी टाइप करत राहिलो.
एकशे आठला फोन लावला.
पत्ता विचारला, तर खूण म्हणून बाभळ सांगितली.
"आता हितं बाभळीच बाभळी. गाडी तळ्यापतुर आली,
दिवा फिरताना दिसत हुता मला.
म्या वरडलो.
तिनंच म्हटलं, नगा वरडू, मेंढरं बुजत्यात."

ही फाइल दोन डॉक्टरांकडं जाते, एकमेकांना न दिसता.
मिरजेचे म्हणाले, हृदय.
कराडच्या म्हणाल्या, मूत्रपिंड. जोडव्यांवरून.
पूर्वी अशा वेळी तिसरा डॉक्टर असायचा.
यंदा प्रोग्रॅम आहे. तो मोकळी जागा वाचत नाही,
त्याला फक्त हो-नाही कळतं.

साताऱ्याच्या बैठकीत यावर दीड तास वाजलं.
माणसं एकमेकांशी सहमत होत नाहीत,
यंत्र निदान स्वतःशी तरी होतं, असं एक मॅडम म्हणाल्या.
चुकलं तरी?
चुकलं तरी. एकसारखं चुकलेलं मोजता येतं.
हे खोटं नव्हतं, म्हणून कुणाला उत्तर सुचेना.
कराडच्या डॉक्टर तेवढ्या म्हणाल्या,
मला ती जोडवी कुठल्या रकान्यात घालायची ते सांगा.
मी शेवटच्या रांगेत. वडा होता, चटणी संपलेली.
माझं मत कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर
मला ते होतं की नाही, माहीत नाही.

प्रोग्रॅमनं कौल दिला: हृदय, एकेचाळीस टक्के.
उरलेल्या एकोणसाठांत ती कशानंही गेली असेल,
तळ्यापाशी फिरणाऱ्या दिव्यानंसुद्धा.
नातेवाइकांना निकाल सांगायचा नाही, असाही नियम आहे.

परवा दुसऱ्या घराला निघालो, तर
वाटेत म्हाकूचा कळप आडवा.
त्यानं काठी वर केली. मी गाडी बंद केली.
आता विचारणार, कशानं गेली म्हणून,
आणि मी नियम सांगणार, असं मनात जुळवत होतो.
तो जवळ आला.
"ते जोडव्याचं लिवलंय न्हवं?"
लिहिलंय.
"मग झालं."
आणि मागं वळून एका लंगड्या मेंढीला शिवी घातली.

कळप मोठा होता.
मी उगाच मोजत बसलो, साठाच्या पुढं चुकलो,
पुन्हा पहिल्यापासून.