हिरवा दुपट्टा

मानकापूर चौकापर्यंत जाते
आणि स्कूटी वळवते.
कूलरचा पंप चालूच राहिला असेल,
टाकी कोरडी, वायर जळत असेल
खसच्या वासात.

पंप बंद. कुलूपही जागेवर.
अंगणात पाणी मारता मारता
ढोमणे काकू: "काऊन वं, आजबी?"

आता कुलूप लावताना मोठ्यानं सांगते
आज तोंडाला कोणता दुपट्टा बांधलाय ते.
"हिरवा. पंप बंद."

चौकात पोटात गोळा आलाच.
नव्वद सेकंदांचा सिग्नल,
पंचेचाळीसचं ऊन.
आरशात पाहिलं:
हिरवा.

रोज जमतं असं नाही.
आज वळले नाही.
गोळा मात्र उतरला नाही,
मागच्या सीटवर बसून
थेट ऑफिसपर्यंत आला.

येऊ दे बाप्पा.
पेट्रोल तेवढंच लागलं.